ओलं फडकं

१

त्या दिवशी बडोद्यात थंडी अशी पडली होती की मांजलपुरातली कुत्रीसुद्धा उठून भुंकायला तयार नव्हती. उत्तरायण होऊन चार दिवस झाले होते. फाटके पतंग अजून निंबाच्या झाडात अडकून होते. ऊन निघालं होतं, पण पाणी घातलेल्या दुधासारखं. अशा उन्हात, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत, विश्वंभरकाका मांडीखाली एक पिवळा गोळा घेऊन बसले होते. कोंबडी अंड्यावर बसते तसे.

शेजारच्या नयनाबेन कपडे वाळत घालायला आल्या. चष्मा डोक्यावर, आणि तोच चष्मा त्या पदराखाली चाचपडत होत्या.

"काका, आज शुं उबवताय?"

"माती उबवतोय, नयनाबेन. तुमचा चष्मा डोक्यावर आहे."

"हाय हाय! सवारथी शोधते मी, सकाळपासून." चष्मा काही त्यांनी डोळ्यांवर घेतला नाही. "पिल्लू निघालं की बोलवा हां."

ही माती म्हणजे आपली शाडू नव्हे. रंगीत माती, पॉलिमर क्ले म्हणतात तिला. ती पाण्याने भिजत नाही, वाऱ्याने वाळत नाही. ओव्हनमध्ये भाजली की पक्की होते, तोवर कितीही वेळा मोडा आणि मांडा. काकांची बायको निरुपमा या मातीची रुखवतासाठी इवली इवली जेवणाची ताटं करायची. लिंबाची फोड तांदळाएवढी, आणि तिच्यातली बीसुद्धा दिसायची. बडोद्यातल्या कितीतरी मराठी मुली तिची ताटं घेऊन सासरी गेल्या.

नात अवनी, तिच्या रुखवतासाठी एकवीस ताटं करायची ठरवली होती. नऊ झाली आणि निरुपमा गेली. त्याला दोन वर्षं झाली. उरलेली माती स्टीलच्या डब्यात पडून दगड झाली होती.

आता अवनीचं लग्न सोळा दिवसांवर आलं होतं. काकांचा मुलगा उत्कर्ष, अवनीचा बाप, फतेगंजला राहायचा. तो म्हणाला, "बाबा, ती माती टाकून द्या. ताटं तयार मिळतात, मागवून घेऊ."

काका मऊ स्वभावाचे. 'नाही' हा शब्द त्यांच्या तोंडून वर्षातून एखाद्या वेळी निघायचा. या वर्षीचा त्या दिवशी निघाला.

"नाही. अवनीचं रुखवत तिच्या आजीच्याच मातीचं जाईल. राहिलेली बारा मी करतो."

"तुम्ही?" उत्कर्ष म्हणाला. ते 'तुम्ही' काकांना मातीपेक्षा कठीण लागलं.

२

काका शाळेत गेलेच नव्हते. फतेगंजात दीनानाथसर म्हणून मूर्तिकार होते, शिकवण्याही करायचे. त्यांच्याकडे काकांनी एकेचाळीस वर्षं माती मळली. पोरं यायची, डोकी घडवायची, सर बघायचे, बरं-वाईट सांगायचे, आणि मग ती डोकी काकांकडे यायची. काका ती मोडायचे. नाक, कान, कपाळ, सगळं परत गोळ्यात. दुसऱ्या दिवशी त्याच मातीतून दुसरं डोकं.

"बनवणारे पुष्कळ असतात, विश्वंभर," सर म्हणायचे, "नीट मोडणारा मिळत नाही."

संध्याकाळी अपुऱ्या कामावर ओलं फडकं टाकायचं, ही त्यांची शेवटची कामगिरी. फडकं पडलं की समजायचं, काम संपलेलं नाही, उद्या पुढे चालू. आणि सगळ्यात शेवटी काय करायचं, तर तोंड. तोंड झालं की मग मोडायला जीव धजत नाही, म्हणून काका तोंड व्हायच्या आतली डोकी आनंदाने मोडत आणि नंतरची मान फिरवून.

सवय ती सवय. पहिल्या दिवशी काकांनी निरुपमाच्या मातीवरही पाणी शिंपडलं आणि ओलं फडकं टाकलं. अवनीने फोनवर पाहिलं आणि हसून लोळली.

"आजोबा, पाण्याने नाही हो मऊ होत ती! बारीक कापा, अंगाची ऊब द्या, बेबी ऑइलचे दोन थेंब घाला. मग मळा."

काकांनी फडकं धुतलं, पिळलं आणि दोरीवर टाकून दिलं. मग माती विळीवर कापली. पहिल्यांदा तिचा भुगाच झाला. तेल घातलं, तळहातात दाबून धरलं, परत दाबलं. तासाने भुग्याचे खडे झाले, दोन तासांनी खड्यांची कणीक. काचेच्या बाटलीने लाटलं, घडी घातली, परत लाटलं. घाई नव्हतीच त्यांना कधी. मऊ झालेला एकेक रंग बटर पेपरात गुंडाळून ते स्टीलच्या डब्यात ठेवायचे. प्लास्टिकच्या डब्यात ही माती ठेवायची नाही, ती प्लास्टिक खाते. निरुपमाच्या एका झाकणाला तिने असा चट्टा पाडला होता, जणू कुणी चाटून चाटून खळगा केलाय.

ओव्हनचे आकडे त्यांना वाचता येत नसत. पण निरुपमाने चकतीवर जिथे काटा थांबवायचा तिथे आपली लाल टिकली चिकटवून ठेवली होती. ती अजून होती.

चार दिवसांत तीन ताटं झाली. वरणभात, श्रीखंडपुरी, आणि उंधियूचं, बडोद्याचं म्हणून.

३

पाचव्या दिवशी काका खंडेराव मार्केटला मटार आणायला गेले. परत आले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. स्वयंपाकघरातल्या टेबलावर फडकं पडलेलं होतं. ओलं.

काकांनी दोरीकडे पाहिलं. दोरी रिकामी होती.

फडक्याच्या कडा आत दुमडलेल्या होत्या, चारी बाजूंनी, वारा शिरू नये म्हणून. तशी घडी बडोद्यात एकच माणूस घालायचा, आणि तो आत्ता दारात मटारची पिशवी घेऊन उभा होता.

त्यांनी फडकं उचललं. खाली चपलांचा जोड होता. नखाएवढा. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि त्यात केसाएवढ्या तारेची सेफ्टी पिन.

काकांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. डाव्या चपलेतली पिन गेल्याच आठवड्यात त्यांनी घातली होती.

'मीच केलं असणार,' त्यांनी मनाला सांगितलं. 'वय झालं. हात चालतात, डोकं मागे राहतं.' हे पटण्यासारखं होतं. उत्कर्षही हेच म्हणाला असता. त्यांनी चपला बोटांत धरल्या, चुरगळल्या आणि तपकिरी गोळ्यात मळून टाकल्या.

फडकं परत धुतलं, घट्ट पिळलं. या वेळी दोरीला त्यांनी चिमटाही लावला.

४

दुसऱ्या दिवशी नयनाबेन गॅलरीत भेटल्या. डोळ्यांखाली काळं.

"काका, वाईट नको वाटून घ्या, पण दुपारी तुम्ही थप थप, थप थप करता ना, माझी ऊंघ बगडते, झोपच नाही येत."

"काल दुपारी?"

"काल ने परवा पण. दोन-दोन तास."

काल दुपारी काका बाजारात होते. परवा खाली बाकावर ऊन खात बसले होते, आणि नयनाबेनच्याच घरच्यांशी बोलत होते. पण काका म्हणाले, "बरं. हळू करीन."

आपण असं का म्हणालो, हे त्यांना घरात आल्यावर कळलं. 'मी नव्हतो' असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता.

चिमटा दोरीवर तसाच होता. फडकं टेबलावर. त्याखाली खाट होती. काकांची नवारीची खाट, चार बोटं लांब. बाहेरच्या खोलीत खिडकीशी काकांची जी खाट आहे तिचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारलेली असते. मातीच्या खाटेच्या पायाखालीही घडी होती.

आता काकांनी सावकाश विचार केला. हे आपण केलं असेल तर आपले हात त्यावर उमटले असतील. त्यांनी खाट उजेडात धरली. बाजूच्या पट्टीवर अंगठा उमटला होता. स्वच्छ. रेघांवर रेघा, मध्ये भोवरा.

काकांच्या अंगठ्याला रेघाच नव्हत्या. एकेचाळीस वर्षांच्या मातीने आणि प्लास्टरने घासून त्या केव्हाच गुळगुळीत झाल्या होत्या. रेशनच्या दुकानातलं यंत्र दर वेळी त्यांना नाकारायचं. "काका, तुमचा अंगठाच नाही," असं तो दुकानदार म्हणायचा आणि हसायचा.

मग निरुपमा? क्षणभर त्यांच्या छातीत ऊब आली. पण निरुपमाच्या अंगठ्यावर विळीची आडवी खूण होती, लग्नाच्या वर्षातली. हा अंगठा अखंड होता. नवा असावा तसा.

काकांनी आपला गुळगुळीत अंगठा त्या भोवऱ्यावर ठेवला आणि दाबला. भोवरा पुसला गेला. मग पट्टी, मग पाय, मग पायाखालची घडी.

"माझ्या बायकोची माती आहे," ते टेबलाला म्हणाले. "विचारून घ्यायची."

५

पुढे तीन दिवस काका घराबाहेर पडले नाहीत. ताटं आठ झाली. झालं की लगेच भाजायचं, हा नवा नियम. टिकलीवर काटा, अर्धा तास, आणि मग कुणाच्या बापाला ते मोडता येत नाही.

चौथ्या दुपारी मात्र डोळा लागला. खाटेवर पडल्या पडल्या त्यांना आवाज ऐकू आला. थप. थप थप. मग बाटली लाटल्याची घरघर. काका उठले नाहीत, पडूनच ऐकत राहिले. माती किती मऊ झाली हे त्यांना आवाजावरून कळायचं. आधी खडखड, मग चिकट, मग पोकळ. स्वयंपाकघरात जो कोणी होता त्याला काम येत होतं. घाई नव्हती त्यालाही.

आवाज थांबला. नळ सुटला, बंद झाला. फडकं पिळल्याचे थेंब पडले, मोजून सहा.

काका आत गेले तेव्हा कोणी नव्हतं. टेबलावर फडकं, आणि फडक्याखाली उंचवटा.

खाट पुन्हा तयार झाली होती. तिच्यावर एक माणूस निजला होता, भिंतीकडे तोंड करून. पायाचे तळवे चिरलेले. मानेवर सुरकुत्यांची जाळी. कानाच्या मागे बेंडाची खूण, जी स्वतः काकांनी कधी पाहिली नव्हती, निरुपमाने सांगितली म्हणून माहीत. पिवळा, पांढरा, हिरवा, लाल, डब्यातला जवळजवळ सगळा रंग त्या माणसात गेला होता आणि एक होऊन मातकट, तपकिरी झाला होता. एकदा मिसळलेले रंग पुन्हा वेगळे होत नाहीत. पुरणपोळी गेली. जिलबी गेली.

काकांनी बोटाने त्याला हळूच वळवलं. तोंड नव्हतं. तिथे नुसता गुळगुळीत गोल होता, पुढच्या वेळेसाठी ठेवलेला.

भीती वाटलीच. पण भीतीच्या मागून राग आला. हा राग त्यांच्या ओळखीचा नव्हता, इतक्या वर्षांत फारसा भेटला नव्हता.

"अजून नाही," ते म्हणाले, आणि मळायला बसले.

६

उत्कर्ष आला तो दुसऱ्याच सकाळी. टेबलावरचा तपकिरी गोळा, बटर पेपरांचा पसारा, काकांचे लाल डोळे, सगळं त्याने एका नजरेत पाहिलं.

"बाबा, अहो सगळे रंग एक करून ठेवलेत तुम्ही."

"झाले एक."

"झाले म्हणजे? आपोआप?" तो खुर्चीवर बसला, आवाज खाली आणला. "चिडू नका. लग्नानंतर तुम्ही फतेगंजलाच चला. हे घर बंद करू. राहिलेली चार ताटं नसली तरी चालेल, कोण मोजतंय?"

"निरुपमा मोजेल."

"आई नाहीये, बाबा."

"म्हणूनच," काका म्हणाले, "मला मोजायला पाहिजे."

उत्कर्ष गेला. काकांनी दार लावलं. डब्याच्या तळाशी लिंबाएवढा पिवळा, सुपारीएवढा पांढरा आणि चिमूटभर लाल उरला होता. तेवढा त्यांनी बटर पेपरात बांधून सदऱ्याच्या खिशात, छातीशी ठेवला. तिथे तो मऊही राहणार होता. मग तपकिरी गोळा टेबलाच्या मधोमध घेतला, हाताला तेल लावलं आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागले.

"तू बनवणारा आहेस, मान्य. हात चांगला आहे. पण मी सरांकडे तुझ्यासारखे कितीतरी पाहिलेत. सगळ्यांचं शेवटी माझ्याकडेच येतं."

हाताखाली गोळा गरम होता, आणि ती ऊब काकांच्या हाताची नव्हती. थंडीत काकांचे हात बर्फासारखे असायचे.

त्यांनी दाबलं. गोळा दबला आणि सावकाश परत वर आला. तळहाताखाली काहीतरी टोचलं. काकांनी हात उचलून पाहिलं. गोळ्यातून नाक वर येत होतं. बाजूला दोन खळगे पडायला लागले होते. काकांनी आरसा रोज पाहिला नसला तरी आपलं नाक त्यांना ओळखता येत होतं.

तोंड होऊ द्यायचं नाही. एवढं एकच त्यांना पक्कं ठाऊक होतं.

अंगठ्याने त्यांनी नाक दाबलं. घडी घातली. खळगे दुसऱ्या बाजूला उमटले. परत घडी. खाली ओठ हलल्यासारखे वाटले, तिथे तळवा रोवला. सकाळचं ऊन टेबलावरून सरकत भिंतीवर गेलं, भिंतीवरून निघून गेलं. जेवण नाही, पाणी नाही. खांदे भरून आले, मनगटं सुजली. नयनाबेनने भिंतीवर दोनदा ठोकलं. काकांनी एकदाही हात उचलला नाही. दिवेलागणीच्या सुमाराला गोळ्याने हार खाल्ली. एकदम सैल पडला, साध्या मातीसारखा.

लगेच काकांनी त्याचे तुकडे पाडले. तपकिरी रंगाचं काय होतं? जेवणाचं तर काही होत नव्हतं. पण ताटामागे काय लागतं? पाट लागतो. बसायला पाट नको? हे निरुपमाच्याही ध्यानात आलं नव्हतं. काकांना इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. त्यांनी एकवीस पाट पाडले, सुईने लाकडाच्या रेघा ओढल्या, खाली आडव्या पट्ट्या लावल्या. ओव्हनचा काटा टिकलीवर आणला आणि अर्धा तास ते ओव्हनच्या दाराला पाठ लावून बसून राहिले.

आतून एकदा थप असा आवाज आला. एकदाच.

७

रुखवतात एकवीस ताटं मांडली गेली आणि एकवीस पाट. खिशातल्या रंगात पुरणपोळी, जिलबी, जिरेभात आणि टोमॅटोच्या कोशिंबिरीचं ताट, चारही निघाली होती. बायका वाकून वाकून बघत होत्या.

"अगंबाई, पाट तर अगदी खऱ्या लाकडाचे!"

"काका, कसे केले हो?"

"मळायला फार चिवट होता," काका म्हणाले.

अवनीने वाकून नमस्कार केला आणि त्यांचे हात हातात धरून ठेवले. "आजोबा, आजीची नऊ कुठली आणि तुमची बारा कुठली, मला सांगताच येत नाहीये."

उत्कर्ष बाजूला उभा होता. त्याने एकापासून एकवीसपर्यंत ताटं मोजलेली काकांनी पाहिली. "बाबा," तो म्हणाला, "तुम्ही तुमच्या घरीच राहा. मी येत जाईन." काकांनी नुसती मान हलवली. त्यांना जे हवं होतं ते मिळालं होतं.

दोन दिवस ते फतेगंजला राहिले. घरात मातीचा कणही मागे ठेवला नव्हता. डबा घासून पालथा घातला होता. फडकं कचऱ्यात टाकलं होतं.

८

तिसऱ्या दिवशी सकाळी काका जिना चढत होते. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, दूध आणायला खाली उतरणाऱ्या नयनाबेन त्यांना बघून थबकल्या.

"अरे काका! तुम्ही बाहेरून कसे? काल तर घरात होते ना?"

"मी दोन दिवस लग्नाला होतो, नयनाबेन."

"मस्करी नका करू. काल दुपारी तुमच्या दाराखालून पाणी आलं, माझ्या उंबऱ्यापर्यंत. म्हटलं नळ राहिला, म्हणून खिडकीतून बघितलं. तुम्ही खाटेवर सूतेला, भिंतीकडे तोंड करून. आणि अंगावर चादर, एकदम भीनी, टप टप टपकते! एवढ्या थंडीत ओली चादर कोण घेतं, काका?"

काका कठड्याला धरून उभे राहिले. वरून, त्यांच्या मजल्यावरून, पाण्याची एक बारीक ओळ पायरी पायरीने खाली येत होती.

माती तर घरात नव्हती. मग तो निजलेला कशाचा केला असेल? हा प्रश्न त्यांनी मनात येऊ दिला आणि तसाच बाजूला ठेवला. मळताना कळेल. लग्नातही जवळ ठेवलेली तेलाची बाटली त्यांनी खिशातून काढली. तळहातावर दोन थेंब घेतले, चोळले, आणखी दोन घेतले. काम मोठं दिसत होतं. सदऱ्याच्या बाह्या कोपराच्या वर सारून ते पुढची पायरी चढले. मग थांबले, मागे न बघता त्यांनी एवढंच विचारलं, "हाक मारलीत तुम्ही? वळला का तो?"

"हास्तो, वळले ना तुम्ही! पण माझा चष्मा घरात राहिला होता, काका. तोंड काही दिसलंच नाही."